शाडूच्या म्हशी

डिसेंबरातल्या एका रविवारी पेणहून मोटारसायकली रोह्याला गेल्या. त्यांच्याबरोबर माझे वडील गेले, भाऊ गेला आणि मी गेले. संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी हात धुतले. त्यानंतर त्यांनी मातीला हात लावला नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते गणपतीच्या कारखान्यात कारागीर होते. पेणमध्ये कारखाना म्हटलं की यंत्रं डोळ्यांसमोर येत नाहीत. मातीने भरलेली पडवी आणि भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलेले गणपती येतात. आम्ही कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी जाग यायची ती आईने पोह्याच्या पापडाचं पीठ कुटायला घेतलं की. त्या धपाधप आवाजावर पलीकडून माती मळल्याचा थापथाप आवाज यायचा, आणि दोन्ही आवाज बराच वेळ एकमेकांच्या मागे-पुढे चालत राहायचे. घरात सगळ्यावर शाडूची पांढुरकी धूळ असे. उशीवर, तांदळाच्या डब्यावर, माझ्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर. पुस्तक परत करताना मी ते ओढणीने पुसून द्यायची, तरी ग्रंथपाल बाई ते टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "आला बघा कारखाना." दुपारी भाकरी, वालाचं बिरडं, असलं तर सुकट. अण्णा जेवायला बसताना हात तीनदा धुवायचे, तरी नखांच्या कडेला माती राहायचीच. आई म्हणायची, "राहू दे, तेवढंच मीठ कमी लागेल."

अण्णांचा हात चांगला होता, हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. मुंबईचे काही व्यापारी मूर्तीच्या कानामागची वळणं पाहून ती त्यांची आहे हे ओळखत. पण मूर्तीवर कारागिराचं नाव नसतं. शिवाय मूर्ती राहते किती? दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. वर्षभर कमरेत वाकून केलेलं सगळं भाद्रपदात पाण्यात जायचं, आणि दिवाळी झाली की अण्णा पुन्हा पहिल्या गोळ्याला हात घालायचे. विसर्जन पाहायला ते कधी गेले नाहीत. गाव सगळा भोगावती नदीवर लोटलेला असताना ते घरी बसून नखं काढायचे. मी लहानपणी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, "आपण केलेलं आपण बुडवायला जात नाय." एवढंच. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तक्रार होती हे मला पुढे, त्या डिसेंबरात कळलं.

माझा भाऊ विलास, म्हणजे दादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो रोह्याजवळ धातावच्या एका कंपनीत शिफ्टवर जायचा. तिथेच एका मित्राबरोबर खोली घेऊन राहायचा आणि सुटीला जुन्या मोटारसायकलवरून पेणला यायचा. गाडी तो दाराशी आणायचा नाही, मातीने खराब होते म्हणून. नाक्यावर पिंपळाखाली लावायचा. घरात शिरताना बूट काढून पिशवीत घालायचा. मित्रांमध्ये त्याने वडील 'आर्टिस्ट' आहेत असं सांगून ठेवलं होतं. त्या शब्दाने मातीचा उल्लेख टळायचा.

खेळण्यांची फेरी ही दादाच्या कंपनीतल्या एका तरुण साहेबांची कल्पना. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो पाहिला होता: कातडी जाकिटं घातलेले लोक मोटारसायकलींवर अस्वलं-बाहुल्या बांधून गरीब मुलांना वाटायला निघालेत. आपणही काढू या, पेणपासून रोह्यापर्यंत, वाटेतल्या गावांतून खेळणी गोळा करत. रोह्याच्या बाहेर आदिवासी वाडीवरच्या मुलांचं एक छोटं वसतिगृह होतं. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर जात आणि मुलं मागे तिथे राहत. त्यांना खेळणी द्यायची ठरली. दादाने या कामात पुढाकार घेतला. साहेबांच्या शेजारी उभं राहायला मिळावं ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. आज मला त्याची ती इच्छा समजते. तेव्हा समजत नव्हती, म्हणून राग यायचा.

फेरीच्या तयारीसाठी साहेब एकदा पेणला आले आणि दादाचा नाइलाज होऊन घरीही आले. आमच्या ओटीवर अण्णांनी सहज गंमत म्हणून केलेली एक वीतभर म्हैस वाळत होती. साहेबांनी ती उचलली, फिरवून पाहिली. म्हणाले, "काका, ही तर आत्ता उठून चालायला लागेल. त्या मुलांसाठी अशाच करून द्या ना. प्लास्टिकची खेळणी काय, सगळेच देतील."

दादा घाईने म्हणाला, "कशाला, सर? त्यांना सीझनचं काम असतं."

"सीझन कुठला आत्ता?" अण्णा म्हणाले. "किती पोरं हायत?"

"बेचाळीस," साहेब म्हणाले.

"मग बेचाळीस म्हशी. एकाला हत्ती नि दुसऱ्याला ससा दिला की मारामारी. सगळ्यांना सारखं."

साहेब गेल्यावर आईने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. "अहो, लहान पोरांना म्हशी कोण देतं? घोडा करा, मोर करा."

"वाडीवर मोर येतो काय खेळायला? म्हैस त्यांच्या वळखीची. वळखीचं असलं की पोर जपतं." मग कुणाकडेच न बघता त्यांनी म्हटलं, "गणपती लोक घेतात तो पोचवायलाच घेतात. हे राहील. पोर मोठं होईल, लगीन होईल, तरी फळीवर असेल."

असं बोलणं आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईचं हसणं थांबलं.

पुढचा महिना आमच्या घरात जो आनंद होता तसा नंतर कधी आला नाही. कारखान्यातून सुटले की अण्णा ओटीवर बसायचे. रविवारी सकाळी नदीवर जाऊन पाण्यात बसलेल्या म्हशी तासभर बघायचे आणि परत येऊन शिंगाचा बाक बदलायचे. प्रत्येक म्हैस वेगळी होती. एक मान वळवून पाठीवरची माशी बघणारी, एक नुकतीच व्यायलेली, दमलेली, एक नुसतीच आडदांड. शिंगांत त्यांनी बारीक तार घातली, म्हणजे मोडणार नाहीत. कारखान्याच्या मालकांनी सुचवलं, की मागच्या शेडमध्ये प्लास्टर आहे, साचा काढ, दोन दिवसांत पन्नास निघतील. तेव्हा पेणमध्ये प्लास्टरचा जोर वाढत होता आणि अण्णा त्या शेडमध्ये पाऊल टाकत नसत. म्हणाले, "पोर तोंडात घालणार. प्लास्टर पोटात गेलं तर?" त्याच कारणाने तेलाचा रंग नाही, वॉर्निश नाही, डिंकात कालवलेला काळा रंग आणि डोळ्यांना पांढरा ठिपका. कच्ची माती, भाजलेलीही नाही, कारण गणपती कुणी भाजत नाही. आमच्याकडे भट्टी कुणी पाहिलेलीच नव्हती. खेळणं तोंडात जाईल हे त्यांना सुचलं. पाण्यात जाईल हे सुचलं नाही. त्यांच्या लेखी वस्तू पाण्यात जायची ती फक्त निरोपाला, तीही मोठ्या माणसांच्या हाताने, आरती झाल्यावर.

मला सुचलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. एका सकाळी न्हाऊन ओल्या केसांनी मी ओटीवर वाकले आणि केसांतलं पाणी एका म्हशीच्या पाठीवर ठिबकलं. रंग पसरला आणि पाठीला हरभऱ्याएवढा खळगा पडला. मी बोटाने तो लिंपला, कोळशाची पूड चोळली. मी सतरा वर्षांची होते, बारावीत होते, लहानपणी माझ्या बाहुलीला मी रोज आंघोळ घालायची. तिथे उभं राहून मला सगळं स्वच्छ दिसलं. तेवढ्यात अण्णा आतून चहा घेऊन आले आणि म्हणाले, "ही माशी बघणारी कशी जमलीय गो?" मी म्हटलं, "छान जमलीय." आमच्या घरात मी शहाणी, वाचणारी, कमी बोलणारी. कमी बोलणं हा गुण आहे असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं.

फेरीच्या दिवशी नाक्यावर वीस-बावीस मोटारसायकली जमल्या. हँडलला फुगे, पुढच्या दिव्यावर कापडी अस्वल, साहेबांच्या अंगात भर उन्हात जाकीट. मागून खेळणी ठेवायला टेम्पो, त्यात मी आणि पोत्यांचा ढीग. अण्णांनी म्हशींचा खोका टेम्पोत ठेवू दिला नाही. पेंढा भरून, वर सुतळी बांधून तो मांडीवर घेऊन ते दादाच्या मागे बसले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. खड्डा आला की ते खोका दोन्ही हातांनी वर उचलून धरत, आणि स्वतः आदळत. टेम्पोतून मला त्यांची पाठ दिसत होती. दादाला ते सगळ्यांच्या मागे हळू चालवायला लावत होते, आणि साहेबांची गाडी पुढे लांब गेली की दादाचे खांदे ताठ व्हायचे.

वाटेत कासू गावात बायका रस्त्यावर आल्या. एकीने दुसरीला विचारलं, "कुनाची वरात हाय गो? नवरा दिसत नाय."

"तो काय, टोपीवाला. हुंडा मांडीवर घेऊन बसलाय," दुसरी म्हणाली, आणि अण्णा मोठ्याने हसले. दादा हसला नाही.

लोकांनी खेळणी दिली, म्हणजे घरातली अडगळ दिली. एका हाताची बाहुली, सोंगट्या नसलेला कॅरम, चाकं गेलेली बस, एक फुटकी शिट्टी. नागोठण्याला एका दुकानदाराने नवे चेंडू दिले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निडीला चहा झाला. अण्णांनी चहा उभ्याने घेतला, एक पाय खोक्याला टेकवून.

वसतिगृह म्हणजे कौलारू लांबट खोली, पुढे अंगण, कडेला भांडी घासायचा सिमेंटचा हौद. मुलं ओळीने बसवलेली, तेल लावून भांग पाडलेली. साहेबांनी चार शब्द बोलून पोती उघडली. मुलांनी एका हाताची बाहुली घेतली, बस घेतली, 'थँक्यू' म्हणायला शिकवलं होतं ते म्हटलं. शेवटी अण्णांचा खोका. ते ओळीतून उकिडवे सरकत गेले आणि त्यांनी एकेक म्हैस पेंढ्यातून काढून एकेकाच्या तळव्यावर ठेवली. "शिंग धरू नको हां. पोटाखाली हात घाल. जिवंत असल्यासारखी धर." आणि मुलांनी बाकी सगळं खाली टाकलं. एका मुलाने म्हशीच्या नाकाला नाक लावलं. एकीने तिच्या पुढ्यात गवताची काडी ठेवली. पाच-सहा वर्षांची असेल ती, नाकात मोरणी, फ्रॉकला पुढे सेफ्टी पिन. अण्णा उठून माझ्याजवळ आले. त्यांचे गुडघे धुळीने भरले होते. हळूच म्हणाले, "ठेवतील गो. जपतील."

मी तेव्हा सांगू शकले असते. मुलं अजून अंगणातच होती, हौद वीस पावलांवर होता. मी मान डोलावली.

जेवायला शिरा आणि बटाट्याची भाजी होती. आम्ही ओटीवर पत्रावळी घेऊन बसलो, मुलं भराभर जेवून उठली. मग हौदाकडून ती मोरणीवाली मुलगी आली. ओंजळ राखाडी चिखलाने भरलेली, त्यात तारेची दोन वाकडी टोकं. तिचं रडणं अजून सुरू झालं नव्हतं. ती अण्णांपुढे उभी राहिली. "बाबा, म्हस गेली."

"कुठं गेली?"

"पान्यात बशिवली. उनाची तापली व्हती." तिने ओंजळ पुढे केली. "बशिवली नि गेली."

अण्णांच्या हातात शिऱ्याचा घास होता. तो त्यांनी खाली ठेवला. तिच्या मागून आणखी दोन मुलं ओल्या हातांनी आली. साहेबांनी वाकून तो चिखल बोटाने पाहिला आणि चकित होऊन म्हणाले, "अरे, कच्चीच आहे माती! काका, भाजली नाही का?" त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, हे मला त्यांच्याविषयी सांगायला हवं. पण ओटीवरचे सगळे आता दादाकडे बघत होते, आर्टिस्टच्या मुलाकडे. दादाचा चेहरा लाल झाला. मग तो हसला आणि म्हणाला, "गणपतीवाले ना ते, सर. विसर्जनाशिवाय दुसरं काही येतच नाही त्यांना."

ओटी हसली. जे हसले ते वाईट लोक नव्हते. दिवसभर ऊन खाऊन, खेळणी गोळा करून आलेली चांगली मुलं होती. त्यांतला कुणी तरी हात वर करून ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

मुलांना ती आरोळी पाठ होती. रडायला आलेली मुलंही थांबली. एकाने हातातल्या म्हशीकडे पाहिलं, मग हौदाकडे, आणि तो पळत सुटला. मग सगळीच पळाली. म्हशी डोक्यावर धरून, ताटं वाजवत, मोरया म्हणत त्यांनी त्या एकामागून एक हौदात सोडल्या. काठावरून वाकून त्या विरघळताना बघायची, शिंगांची तार वर आली की टाळ्या पिटायची. ती मोरणीवाली मुलगीसुद्धा त्यांत गेली. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आनंद मुलांना त्यातच झाला. साहेबांनी त्याचा फोटो काढला.

अण्णा ओटीच्या खांबाला धरून उभे होते. चेहऱ्यावर हसू होतं, सगळ्यांच्यात आपणही आहोत असं दाखवणारं. विसर्जन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. मग रिकामा खोका उचलून, त्यातला पेंढा अंगणाबाहेरच्या एका गुराला टाकून ते टेम्पोकडे चालू लागले. दादा मागून म्हणाला, "अण्णा, गाडीवर बसा ना." ते म्हणाले, "नको. तुला सावकाश चालवायला लागतं."

परतताना ते माझ्यासमोर रिकाम्या पोत्यांवर बसले होते. नागोठणं आलं. मग म्हणाले, "चूक माझीच. मी त्यांना नदीवर बघत होतो तासन्‌तास. पाण्यात बसलेल्याच बघत होतो. तरी डोक्यात आलं नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "कुणी सांगितलं असतं तर." हे मला उद्देशून नव्हतं. त्यांना माझ्यावर संशयही नव्हता. मी बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं की यापुढे मागच्या शेडमध्ये काम करीन. मालक आधी खूश झाले, मग त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिथे रबराच्या साच्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की साचा सोलायचा, पुन्हा ओतायचं. आठवड्यात कुणालाही जमेल असं काम. अण्णांनी ते अकरा वर्षं केलं. आमच्या घरातली पांढुरकी धूळ जाऊन पांढरीशुभ्र धूळ आली आणि त्यांना खोकला लागला. एका विसर्जनानंतर आम्ही एसटीने धरमतर खाडीच्या पुलावरून जात होतो. ओहोटीच्या चिखलात मूर्ती पडल्या होत्या, हात, सोंडा, मुकुट, सगळं जसंच्या तसं. अण्णांनी खिडकीतून बघितलं. म्हणाले, "टिकतं हां हे." त्या आवाजाला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यभर शब्दांत राहूनही नाही.

दादा पुढची चार वर्षं त्या फेरीत पुढे असायचा. नंतर साहेबांची बदली झाली आणि फेरी बंद पडली. अण्णांशी तो बोलायचा; औषधं आणायचा, डॉक्टरांकडे न्यायचा, शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात तोच बसला. कर्तव्यात त्याने कसूर केली नाही आणि अण्णांनीही त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. त्यामुळे भांडण होऊन मिटण्याची सोयच राहिली नाही. मागच्या वर्षी मी रोह्याला त्याच्याकडे गेले होते. तो आता थकला आहे. चहा पिता पिता एकाएकी म्हणाला, "मी नुसती गंमत केली होती गो तेव्हा." तीस वर्षांनी. मी म्हटलं, "माहीत आहे." माझ्या ओल्या केसांचं तेव्हाही सांगता आलं असतं. त्याचं ओझं निम्मं झालं असतं. मी सांगितलं नाही. त्याच्यावर रागावण्याचा हक्क मला सोडवला नाही.

अण्णांनी हाताने केलेलं काही कुठे असेल म्हणून मी गेली दोन-तीन वर्षं विचारत होते. कारखाना विकला गेला, मालकांच्या मुलांना काही आठवत नाही. मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. त्यांच्या सुनेने उत्तर पाठवलं, की आमच्याकडे दर वर्षी विसर्जन होतं, मूर्ती ठेवण्याची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं मातीत काम केलं. त्यातली एकही वस्तू आज नाही. त्यांचे दोन फोटो आहेत, एक रेशनकार्डावरचा आणि एक दादाच्या लग्नातला. दोन्हींत छातीपर्यंतच आहेत. हात आलेले नाहीत.